मोठी आई जिवंत असताना

मोठी आई जिवंत असताना मी तिच्या मरणाची कविता लिहिली आणि कविसंमेलनात म्हणून टाळ्या घेतल्या. नजरचुकीने झाले, असे म्हणायची सोय नाही. ती जिवंत आहे, हे मला माहीत होते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दिघोरीजवळच्या आमच्या गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला की बाया बांधीतल्या चिखलात ओळीने वाकत आणि गाणे ती उचली. एक ओळ तिची, दुसरी सगळ्यांची. सासूची खोड, चिखलात हरवलेले जोडवे, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा, असली गाणी. हात गाण्याच्या चालीने चालत.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, माझी मास्तरकी भंडाऱ्यात आली, त्यानंतरची गोष्ट. तिच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. आवाज आधी फाटला, मग नुसती फुसफुस उरली. मला काहीच करता येत नव्हते, म्हणून कविता करायला बसलो. जमेना. शेवटच्या कडव्यात तिला मारले, तेव्हा कविता उभी राहिली:

सरण विझले, ओळ अर्धी राहिली,
बाया वाकल्या, गाणे उचलायला कोणी नाही.

कविसंमेलनात ती म्हटली, लोक रडले. रडणाऱ्यांत तिच्या माहेरचा एक म्हातारा होता.

आमच्याकडे मरणाच्या घरी येणाऱ्या बाया गावाच्या शिवेपासूनच हेल काढून रडतात. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी गावीच होतो. रडणे ऐकून वाटले, कोण गेले? रडणे आमच्याच अंगणात आले. पुढे मोठ्या आईची धाकटी बहीण, मागे माहेरच्या बाया आणि तो म्हातारा. मोठी आई लाखोळीची डाळ निवडत बसली होती. बहिणीचा हेल तोंडातच अडकला.

"थांबल्या काहून?" मोठी आई फुसफुसली. "चांगलं म्हणून राहिल्या होत्या."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केले. "यानंच तं माईकवर सांगितलं!"

"अजी मामा, ते कविता होती."

"मंग मेलेल्याची कर नं बापा! गावात मेलेले कमी हायेत का?"

एकीला हसू फुटले, मग सगळ्याच हसल्या. चहा झाला, पाहुणे गेले. मोठ्या आईने मला जवळ बसवले.

"म्हण बरं ते."

मी चहाच्या कपबशा गोळा करू लागलो.

"माईकवर येते, घरी येत नाही?"

म्हटली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "अजून हावो नं रे मी."

तेव्हाच पाय धरायचे होते. मी मास्तर, कवितेत मरण म्हणजे काय, ते तिला समजावत बसलो. ती ऐकत राहिली. त्या दिवसानंतर ती माझ्यासमोर गुणगुणलीसुद्धा नाही. आजारामुळे की माझ्यामुळे, हे विचारायचे धाडस झाले नाही.

पुढे तिला पाणीही गिळवेना. मी कापूस भिजवून तिचे ओठ ओले करी. तेवढेच हाती होते. एका दुपारी तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. बोलणे संपलेले होते. मी तिचे पाय धरले.

"मोठी आई, तू जित्ती होती अन् मी तुले मारलं. तुहं दुःख पाहवत नव्हतं म्हणून लिहिलं, असं मी लोकायले सांगतो. खोटं हाये. मले कविता पाह्यजे होती. माफ कर मले."