पेन्सिलीचे ठिपके

मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. शाळेतली नोकरी संपली, तरी हे काही सुटलं नाही. माझी पद्धत साधी. नवं पुस्तक आलं की सोलापूरहून एसटीने मोहोळजवळच्या एका शाळेत जायचं आणि चौथीच्या वर्गाला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. मुलं चुळबुळ करू लागली की तिथेच समासात पेन्सिलीने ठिपका द्यायचा. या ठिपक्यांवरून काही लेखक माझ्यावर डूख धरून आहेत. धरोत बापडे.

एका पुस्तकाला मात्र एकही ठिपका पडला नाही. ते माझ्या मैत्रिणीचं होतं. एकाच शाळेत, एकाच टेबलावर आम्ही वीस वर्षं वह्या तपासल्या, डबे वाटून खाल्ले. निवृत्तीनंतर तिने शेळीच्या हरवलेल्या करडाची गोष्ट लिहिली. मी ती वाचली तेव्हा वर्ग आधी खिदळला आणि शेवटी अगदी गप्प झाला. मी भरभरून परीक्षण लिहिलं. तिने त्याचं कात्रण फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

पुस्तक मी वर्गाच्या कपाटातच ठेवून आले होते. महिन्याभराने गेले, तर एक मुलगी ते हातात घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या, म्हणून तिने ते हौसेने पुन्हा वाचायला घेतलं होतं.

"बाई, तुमी वाचलं तवा लई ग्वाड वाटलं. पुस्तकात तसं न्हाय की. करडू वरडतंय कुटं हितं?"

मी पानं चाळली. खरंच, करडू कुठेच ओरडत नव्हतं. ते ओरडणं माझं होतं. शिवाय मोठ्यांचं ऐकावं, असं सांगणारे दोन लांबलचक परिच्छेद मी त्या दिवशी न वाचताच ओलांडले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मैत्रीपोटी मी तिचं पुस्तक वाचता वाचता दुरुस्त करत गेले होते. मला फार लाज वाटली.

पुढे दोन महिने मी तिच्याकडे जायचं टाळलं. शेवटी तीच दुसऱ्या गोष्टीचं हस्तलिखित घेऊन आली आणि प्रस्तावना लिही म्हणाली. एरवी वर्ग चिडीचूप करणारी बाई, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. गप्प राहिले तर हेही पुस्तक तसंच छापलं जाणार, आणि बोलले तर मैत्री जाणार. कपातला चहा निवेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं.

तिने त्या पहिल्या पुस्तकाची माझ्या घरातली प्रत मागून घेतली. चष्मा पुसला आणि ते दोन परिच्छेद मनातल्या मनात वाचले.

"मुलांना कमी समजू नका, असं जन्मभर लिहितेस," ती म्हणाली. "मला मात्र कमी समजलीस."

तिने माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, समासात दोन ठिपके दिले आणि मोहोळची गाडी किती वाजता असते ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचं हस्तलिखित त्याच मुलीच्या हातात दिलं आणि दोघी मागच्या बाकावर बसलो. पेन्सिल मैत्रिणीकडे होती. मुलगी अडखळत वाचू लागली. एका वाक्यावर ती थांबली, तसा तिला पुढचा शब्द सांगायला मी तोंड उघडलं.

मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं. "तू गप्प बस," ती हळूच म्हणाली, "तिला वाचू दे."