चिंचेच्या कोळाची परीक्षा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला. मी तेव्हा कोल्हापुरातील एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. घरात आम्ही दोघेच. सकाळी मी शाळेला जाई. स्वयंपाक आई करी. दुसऱ्या कोणी केलेला तिला खपत नसे.

भांडी सगळी पितळेची. आतली कल्हई झिजली की उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला घातक होतो, हे ती जन्मभर जाणून होती. मात्र कल्हई पूर्वी ती डोळ्यांनी पाही. नजर अधू झाल्यावर बोटाने चाचपू लागली. कल्हई आणि पितळ बोटाला सारखेच लागतात. पावसाळ्यात एके दिवशी मी शाळेला गेल्यावर तिने चिंच घालून आमटी केली, ती कळकली. परतलो तेव्हा ती उलट्यांनी निपचित पडली होती. वाचली. पुन्हा असे झाले तर या वयात भरवसा देता येणार नाही, असे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले.

नवी कल्हई करून घेणे सोपे होते. पण ती पुढे केव्हा उडाली हे तिला कळणे शक्य नव्हते. म्हणून कल्हई न लागणारे स्टेनलेसचे पातेले घेण्याचे मी ठरवले. ती वस्तू तेव्हा नवी आणि महाग होती. हलका माल लोहचुंबकाला चिकटतो असे ऐकले होते. म्हणून शाळेतला चुंबक मागून घेतला आणि महाद्वार रस्त्यावरील एका दुकानात गेलो. एकेका पातेल्याला तो लावू लागताच दुकानदार म्हणाला, "मास्तर, भांडं घ्यायला आलाय का खिळं येचायला?" मी पुढच्या पातेल्याला चुंबक लावला. चुंबक न धरणारे, जाड बुडाचे, दाबले असता काठ न वाकणारे एक निवडले.

आईने ते हातात तोलले, टिचकी मारली आणि खाली ठेवले. हे लोखंडच, म्हणाली. लोखंडात आंबट शिजवत नाहीत, काळे पडते. मी चुंबक लावून दाखवला.

"चुंबक जेवणार हाय का?"

निदान पितळेत आंबट करू नकोस, असे मी विनवले. तिने शब्द दिला नाही. त्यानंतर घरी ती एकटी कशात काय शिजवीत असेल या काळजीने माझा डबा शाळेतून बहुधा तसाच परत येई.

एका संध्याकाळी तिने आपण होऊन चिंच भिजत घातली. घट्ट कोळ काढला, मीठ टाकले, नव्या पातेल्यात ओतून वर ताट झाकले. मला हात लावण्यास मनाई होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ती पातेल्यासमोर बसलेली.

"रंग सांग," ती म्हणाली.

"काल होता तोच."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

मी पुन्हा पाहिले आणि तेच सांगितले. तिने बोट बुडवून जिभेला लावले. कळक नव्हता.

"आमटी ह्यातच करू. घासायचं कसं ते बोल."

मी सांगितले, विटेचा चुरा आणि वाळू नको, ओरखडे पडतात. राख चाळून घ्यायची. धुतल्याबरोबर फडक्याने कोरडे करायचे, नाहीतर पाण्याचे डाग राहतात. जाळ मंद ठेवायचा, कारण डाळ बुडाला लवकर लागते. चुलीवर चढवण्याआधी बाहेरून मातीचा लेप द्यायचा हे तिला सांगावे लागले नाही.

"म्हणजे ह्याचे लाड करायचे," ती म्हणाली. "पितळीचे कधी केले न्हाईत."

पितळी पातेल्यात तिने तांदूळ भरले. तांदूळ काही आंबट नसतात, एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. त्यात आमटी होती. डबा रिकामा घरी नेला.