रेघेपर्यंत आडाचं पाणी

समुद्रातल्या गांडुळांवर माझ्या धाकट्या दिराइतकी माया अख्ख्या कोल्हापुरात कुणी केली नसेल. कोल्हापुरात समुद्र नाही, ही अडचण भावजींना कधी अडचण वाटलीच नाही. कॉलेजात शिकवायचे, लग्न केलं नव्हतं, जेवायला आमच्याकडे. अमावास्या आली की एस्टीनं रत्नागिरी गाठायची, ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उतरायचं आणि दुधाच्या किटलीत समुद्र भरून आणायचा. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, दूध म्हशीचं की गाईचं?" भावजींनी झाकण काढून दाखवलं. तेव्हापासून त्यांच्या शेजारी कुणी बसेना.

ताटावर बसले की सुरू. एक पानासारखं चपटं, एक फितीसारखं हातभर लांब, एकाला दोन्ही अंगांनी पायांच्या रांगा. "वहिनी, परसातलं गांडूळ बघून समद्यांना एका मापानं मोजू नका की!" मी म्हणायचे, "भावजी, आधी शेवयांची खीर संपवा."

ही जितराबं कोल्हापुरात आठवडाभरही टिकत नसत. कॉलेजात हसायचे. एक मात्र टिकलं. काचेच्या बरणीत त्यानं वाळूचा एकेक कण चिकटवून नळी बांधली. सकाळी नळीतून पिसांचा पंखा उघडायचं. मला किड्यांची किळस, पण तो पंखा मीही बघायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पोरांना तो दाखवायचा, एवढंच भावजींच्या मनात होतं.

मध्येच परीक्षेच्या कामाला आठ दिवस ते कागलला गेले. बरणीवर रेघ मारून म्हणाले, "पाणी उतरलं तर रेघेपर्यंत आडाचं घाला. बास."

चैत्राचं ऊन. पाणी दोन बोटं उतरलं. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी कसं चालेल? हा बाबा सांगायला विसरला, असं म्हणून मी पाण्याबरोबर मूठभर मीठ घातलं. रोज.

परत आले तेव्हा पंखा मिटलेला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "वहिनी, मीठ घातलंसा?"

"व्हय. सांगायला इसरलासा, वाटलं."

"मीठ कुठं जात न्हाय. पाणीच तेवढं जातं." एवढंच बोलले आणि चहा मागितला.

पुढच्या अमावास्येला मलाही घेऊन गेले. जन्मात पहिल्यांदा मी समुद्र बघितला. भावजी म्हणाले, "चाखा." चाखला. माझ्या बरणीपेक्षा पुष्कळ अळणी होता.

तसं दुसरं पुन्हा टिकलं नाही. भावजींना जाऊन बरीच वर्षं झाली. बरणी माझ्याकडेच आहे. पाणी कधीच आटलं. आत वाळूची नळी आहे आणि तळाला पांढरं मीठ. सून म्हणते, घासून ठेवते. मी हात लावू देत नाही.