कांदळवाडीचं गोडं पाणी

प्रमोदिनी गुप्ते मूळच्या माजिवड्याच्या. लग्न होऊन त्या कांदळवाडीत आल्या, तेव्हा ठाकुर्ली आणि खाडी यांच्यामधल्या त्या वाडीत कोळ्यांची घरं, थोडी भातशेती आणि गुप्त्यांसारखी चारदोन पांढरपेशी बिऱ्हाडं होती. मग फाळणी झाली. कल्याणच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसली. मुंबईत जागा न मिळालेले नोकरदार इकडे सरकू लागले. बघता बघता चाळींच्या रांगा उभ्या राहिल्या. माणसं वाढली, विहिरी होत्या तेवढ्याच राहिल्या.

एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या रेटारेटीत कलावती नावाची गरोदर बाई पडली. तिचं मूल गेलं. प्रमोदिनीबाई शाळेत शिकवत. एरवी कुणाच्या तेराव्यालाही न जाणाऱ्या त्या बाई दुसऱ्याच दिवशी घरोघर फिरल्या आणि पाणी समिती उभी राहिली. शहाडहून नदीचं पाणी नळानं आणावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारदरबारी विचार चालू आहे, एवढंच कळत राहिलं. समितीचे अध्यक्ष अण्णा प्रधान, निवृत्त पोस्टमास्तर, एक दिवस म्हणाले, "बाई, नदी यायची तेव्हा येईल. तोवर खाडीच्या अंगाला मोठी विहीर खणू. इंजिन बसवू."

"खाडीच्या इतक्या जवळ?"

"दुसरी मोकळी जागा उरली आहे कुठे?"

जागा खरंच नव्हती. बाईंनी मान डोलावली.

चोपन्न साली त्या नव्या विहिरीचं पाणी नळाला आलं. बायकांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं, बाईंची ओटी भरली. कलावती त्यांच्या गळ्यात पडून रडली. पण 'कांदळवाडीत नळ आहे' ही बातमी पसरली आणि चाळमालकांनी आणखी पाये खणायला घेतले. सकाळी थोडा वेळ धडधडणारं इंजिन दुपारीही चालू लागलं, मग दिवे लागेपर्यंत.

पुढच्या शिमग्यानंतर कोळीवाड्यातली जनाबाई कळशी घेऊन शाळेच्या दारात आली.

"मास्तरीन बाय, चाख."

बाईंनी ओंजळीत घेऊन घोट घेतला. पाणी मचूळ होतं.

"आमचे हिरीचा पानी हाय," जनाबाई म्हणाली. "माजे सासूचे सासूनं पन हाच पिलेला. आता डाल शिजत नाय."

बाई तशाच कोळीवाड्यात गेल्या. विहिरीच्या काठावर पांढरी खपली धरली होती. इथून इंजिनाची धडधड स्पष्ट ऐकू येत होती. आपण गोडं पाणी उपसतोय, त्याच्या जागी खाडी आत येतेय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

सभेत त्यांनी उपसा निम्म्यावर आणायचा ठराव मांडला. लोक हसले. "मोठ्या विहिरीचं पाणी गोड आहे ना? मग झालं," अण्णा म्हणाले. "कोळीवाड्याला आपण नळ देऊ."

"अण्णा, आज त्यांची विहीर गेली. उद्या ही जाईल."

हात वर झाले ते ठरावाविरुद्ध. दुसऱ्या दिवशी बाईंनी इंजिनघराला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संध्याकाळी दारात बायका जमल्या. पुढे कलावती होती, पुन्हा दिवस गेलेली.

"माझं मूल गेलं तेव्हा तुम्हीच आलेलात ना?" ती ओरडली. "आता परत मला त्या विहिरीवर पाठवता?"

बाईंनी किल्ली दिली नाही. त्यांच्या घरी कुणी येईनासं झालं. दूधवाल्यानंही रतीब तोडला. आठवडाभरात कुलूप फुटलं, बाईंना समितीतून काढलं आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त चालू लागलं.

वैशाखात नळाच्या पाण्यानं चहातलं दूध फाटलं. पहिल्या दिवशी लोकांनी गवळ्याला शिव्या घातल्या. मग साबणाला फेस येईना. मग लहान मुलं पाणी तोंडात घेऊन थुंकू लागली. तेव्हा इंजिन बंद झालं. कुणी सांगितलं नाही, ठरवलंही नाही. पावसाळा आला, भरपूर पडला, विहिरी काठोकाठ भरल्या. पाणी खारटच राहिलं.

कलावतीला मुलगी झाली. बाळंतिणीसाठी गोडं पाणी हवं, म्हणून बाई आणि जनाबाई ठाकुर्लीच्या बाजूला शेतातल्या एका विहिरीवर जाऊ लागल्या. मालक भिवा म्हात्रे पहिल्या दिवशी काठी घेऊन उभा राहिला.

"तुमी कांदळवाडीच्या? इथं पन इंजिन लावनार काय?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एक कळशी न्यायची आहे. बाळंतिणीसाठी."

त्यानं काठी खाली केली. स्वतः पोहरा ओढून दिला.

दिवाळीनंतर एका सकाळी त्या गेल्या, तेव्हा बांधावर अण्णा प्रधान आणि चाळींचे मालक उभे होते. एकजण विहिरीत दोरी सोडून खोली बघत होता. भिवा बाजूला बसला होता. त्यानं बाईंकडे बघितलं, मग मान फिरवली.

"या, प्रमोदिनीबाई," अण्णा आनंदानं म्हणाले. "हे पाणी अगदी गोड आहे."