परातीतली शेगडी

आमचे वॉलमनमामा कुठल्याही वस्तूखाली आधी भांडं ठेवत आणि मग वस्तू. माठाखाली पातेलं, नळाखाली बादली, हात धुताना पायाशी घमेलं. पाहुण्यानं चूळ भरायला तोंड वळवलं की पुढं टमरेल हजर. साठलेलं सगळं परसातल्या पपईला जायचं. लातूर जिल्हा नवीन झाला त्या सुमारास मामा पाणीपुरवठ्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत खांद्यावर लांब चावी टाकून गल्लोगल्ली नळाच्या पाण्याचे वॉल सोडत हिंडले. "सोडणाऱ्यालाच ठावं असतंय, कुठं कुठं गळतंय," असं म्हणायचे.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या दुष्काळातली ही गोष्ट. मामी गेल्यापासून मामा एकटेच राहात. एका दुपारी गॅसवर दूध ठेवून त्यांचा डोळा लागला. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला. शेजाऱ्यांनी दार बडवलं म्हणून निभावलं. मुलगी सुनंदा नांदेडहून धावत आली. तिनं गॅस बंद करून टाकला, ओट्यावर इंडक्शनची शेगडी मांडली आणि बजावलं, "ही जमली तर राहा, अप्पा. न्हाई जमली तर नांदेडला चला. तिथं गोदावरी हाय."

मामांना जायचं नव्हतं. पण शेगडी काही जमेना. भात शिजत आला की ती टीं टीं ओरडायची, पडद्यावर एक आकडा दाखवायची आणि बंद पडायची. माहितीपुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थ दिला होता : सेन्सर तापला.

आमच्या घराण्यात बिघडलेली वस्तू माझ्याकडे येते, कारण तरुणपणी मी काही महिने आयटीआयला गेलो होतो. का सोडलं, ते कुणी विचारत नाही; वस्तू परत नेताना त्यांचं त्यांना कळतं. मी मामांच्या घरी शेगडी उलटी करून स्क्रू काढले. पंखा पुसला. काचेखालचा सेन्सर बाहेर काढला.

"हे कशाला असतंय?" मामांनी विचारलं.

"हा मिरीएवढा मणी दिसतोय ना, तो भांड्यावर लक्ष ठेवतो. फार तापलं की शेगडी बंद."

"म्हंजे वॉलमनच की! मग त्याला कामून बदलायलास? बिचारा ड्युटी करायलाय."

मी दुर्लक्ष केलं आणि नवा सेन्सर बसवला. शेगडी माझ्या घरी नेऊन दूध, चहा, भाजी, सगळं करून पाहिलं. एक हूं नाही की चूं नाही. मामांच्या ओट्यावर ठेवली, पुन्हा टीं टीं! परत माझ्या घरी आणली तर गुणी पोरासारखी वागली. मी व्होल्टेजवर संशय घेतला, पातेल्याच्या बुडावर घेतला, शेवटी मामांवर घेतला.

"मामा, खरं सांगा, तुम्ही हिला काय करता?"

"मी? लेकरागत जपायलोय! परातीत बसवलीय बघ. भात उतू गेला, काच पुसली, तरी थेंब भाईर जात न्हाई."

मी मान डोलावली! परात पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती. पण त्या घरात भिंत जशी दिसायची तशीच परात दिसायची, म्हणजे दिसायचीच नाही.

रविवारी सुनंदा रिकामी पिशवी घेऊन आली. "दादा, आज माझ्यासमोर भात शिजू दे. न्हाईतर अप्पांचे कपडे भरते." मामांनी तांदूळ नेहमीपेक्षा जास्तच वेळ निवडले. पाणी उकळलं, फेस आला, आणि टीं टीं. सुनंदा उठून कपाटाकडे गेली. मी चिडून, शेगडी आपटावी या इराद्यानं, ती परातीसकट उचलायला गेलो आणि बोंबललो. परातीचा चटका बसला होता.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. शेगडीचा पंखा खालून हवा ओढतो, आणि मामांची परात अशी मापात बसली होती की पंख्याला तीच ती तापलेली हवा मिळत होती. मणी बिचारा खरंच ड्युटी करत होता.

परात काढल्यावर भात शिजला. सुनंदा म्हणाली, "बघा अप्पा, एवढंच होतं. आता परात ठेवायची न्हाई."

मामांनी परसातल्या पपईकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मग भर कपडे. पाणी सांडत बसायला मी हितं कशाला राहू?"

मामाच उठले, फडताळात हात घातला आणि जुन्या वॉलचे चार पितळी नट आणून माझ्यापुढं ठेवले. "इंजिनेर, ह्यांच्यावर उभी कर तिला. खालून वारं, आणि त्याच्या खाली परात. चालतंय का?"

चाललं. संध्याकाळच्या एसटीनं सुनंदा रिकामी पिशवी घेऊन नांदेडला गेली. मामा त्याच घरात राहिले आणि पुढं काही वर्षांनी त्याच घरातून गेले. शेगडी, परात आणि नट सुनंदानं माझ्या हवाली केले.

परवा बायकोनं परात घासली आणि नट न ठेवताच शेगडी आत बसवली. वरण उकळतंय तोच टीं टीं! कारण मला लगेच कळलं होतं. तरी मी नट हुडकायला लगेच उठलो नाही. पूर्वीसारखं शेगडीवर पोटभर खेकसून घेतलं. फार दिवसांनी मामांच्या घरी जाऊन आल्यासारखं वाटलं.