हिची माणसं येईपर्यंत
राळेचा वास आला की मला कैरोचा अजबखाना आठवतो. जव्हार संस्थानच्या मंडळींबरोबर विलायतेला जाताना वाटेत तिथे मी लाकडी पेटीतल्या एका बाईच्या ममीचं चित्र काढत होतो, आणि तिच्या काळ्या पडलेल्या पट्ट्यांना राळेचा वास होता. बंद व्हायची घंटा झाली तसा मी कागद गुंडाळला, पण सामान उचलायला बरोबर आणलेला सूर्यमाळचा गडी तिच्या उशाशी मांडी घालून बसला. “हिचा कोनी आला नाय अजून. मढा येकटा नाय सोडायचा. तुमी जा, दादा.” त्याच्या पाड्यावर नातलग येईपर्यंत प्रेताजवळून कोणी उठत नसे. ती हजारो वर्षांपूर्वी मेली आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाला, “मंग तं लई वाट पाह्यली तिनी.” म्हातारा पहारेकरी ओरडत त्याचा दंड ओढू लागला, दारातून दोन शिपाई धावत आले, आणि आमची गाडी चुकली तर बोटही चुकणार होती. तिची माणसं येईपर्यंत कोणीतरी तिच्याजवळ बसायला हवं, हे मी पहारेकऱ्याला हातवाऱ्यांनी कसंबसं समजावलं. पहारेकरी थबकला, मग आपलं स्टूल ओढून तिच्या उशाशी बसला, तेव्हा कुठे आमचा गडी उठला. परवा सूर्यमाळला तो गडी वारला. पोशेऱ्याहून लेक पोहोचेपर्यंत मी राळेच्या धुरात त्याच्या उशाशी बसून होतो.