नो आणि हो

सरळ सांगते, आत्यानं कुत्री फिरवायचं काम धरलं तेव्हा मला तिची लाज वाटली होती. दोन हजार सालानंतरची गोष्ट. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या जमिनी मुंबईवाल्यांनी घेतल्या, कुंपणं घातली, आत बंगले बांधले आणि बंगल्यांत कुत्री ठेवली. मालक शनिवारी येणार, रविवारी संध्याकाळी जाणार. मधले पाच दिवस त्या मुक्या जिवांनी साखळीला काय करायचं, हा विचार अख्ख्या तालुक्यात एकट्या आत्यानं केला. वर्षभरात चार बंगल्यांची चार कुत्री तिच्या हाती आली. सकाळ-संध्याकाळ चार दोऱ्या धरून ती माळावर निघायची. मालक लांब कुठे गेले की कुत्री आमच्या पडवीत मुक्कामाला.

आमच्याकडे कुत्रं कुणी फिरवत नाही, ते आपलं आपण फिरतं. त्यामुळे पारावरून हमखास सवाल यायचा, "कोन कुनाला फिरवतंय गो?" आत्या पाय न थांबवता विचारायची, "तुमाला बी दोरी लावू का?"

मी तेव्हा बायकांच्या एका संघटनेत होते. पत्रकं लिहायची, शहापूरला छापून आणायची, बाजारात वाटायची. 'दोरी कुत्र्याच्या गळ्यात की बाईच्या?' असा मथळा घालून मी एक पत्रक लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती.

"अक्षर बेस हाय," ती म्हणाली. "पन मला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग तिनं मला ऐकवलं. तिचे यजमान, आमचे काका, अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं स्वतः नांगर धरला होता, आणि बाईनं नांगर धरला म्हणून गाव तिला नावं ठेवत होतं. आता तेच गाव कुत्री धरली म्हणून ठेवतंय. तिला हे काम आवडतं आणि ते तिला येतं. माझं पत्रक चुलीत गेलं.

पण दुसऱ्याच आठवड्यात खरं संकट आलं. सगळ्यात मोठ्या बंगल्याचे साहेब, ज्यांचं कुत्रं वासराएवढं होतं, आत्याला म्हणाले की ए बाई, तू कुत्रं बिघडवलंस. तो पोरांच्या अंगावर उड्या मारतो, मी नो म्हणतो, आणि तू तिकडून हो हो म्हणतेस! पुढच्या रविवारी ते ठाण्याहून कुत्री वळवायचं शिकलेला माणूस बोलावणार होते. ते करतील तेच बाकीचे तिघे मालक करणार, म्हणजे आत्याचं काम संपल्यात जमा. घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं आणि दोऱ्या धुवायला घेतल्या.

माझं डोकं फिरलं. मुंबईत राहतो म्हणून ह्याला बैल माहीत नसावा? नांगराचा बैल थांबवायचा तर आमच्याकडे 'होऽऽ' म्हणतात, लांब, पोटातून. आत्याला जनावर हाकायची ती एकच भाषा येत होती, आणि तीच तिनं कुत्र्यांना शिकवली होती. ती थांब म्हणत होती आणि ह्यांना ऐकू येत होतं, कर बाबा, खुशाल कर!

रविवारी नवं पत्रक मुठीत धरून मी साहेबांच्या फाटकातून तरातरा आत शिरले आणि तोंड सोडलं. इतक्या जोरात, की फाटक उघडं राहिल्याचं मला कळलंच नाही. कुत्र्याला मात्र कळलं. बाहेर माळावर शेळ्या चरत होत्या. तो बाणासारखा सुटला. साहेब धावले, "नो! नो!" कुत्र्यानं कान हलवला नाही. मी तर जागीच थिजले, कारण त्यानं एक शेळी फाडली असती तर आत्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं आणि घोडचूक माझी होती.

पलीकडच्या बांधावरून आत्या बाकीची तीन कुत्री घेऊन येत होती. ती पळाली नाही. तिनं फक्त हाळी दिली.

"होऽऽऽ."

चारही कुत्री थांबली. दोरीतली तीन आणि शेळीपासून चार हातांवरचं ते वासरू, नांगराच्या तासाच्या टोकाला बैल थांबावा तसं!  सभेत कितीही घोषणा दिल्या, तरी एका शब्दाचा असा गुण मी कधी पाहिला नव्हता.

साहेब धापा टाकत आले. "हो म्हणजे... थांब?"

"मंग?" आत्या म्हणाली. "बैलाला दुसरं काय सांगत्यात?"

ठाण्याच्या माणसाला नको म्हणून त्यांनी तिथूनच फोन केला. मग ते स्वतः 'हो' म्हणून बघायला लागले. सभेत होकार द्यावा तसा त्यांचा आखूड हो. कुत्र्यानं जांभई दिली. आत्या म्हणाली, "वढा लांब. पोटातनं."

माझ्या मुठीतल्या पत्रकाची मागची बाजू कोरी होती. तिथल्या तिथे त्यावर मी आत्याचे सगळे हुकूम अर्थासकट लिहिले आणि शेवटी, तिला न विचारता, एक मागणी घातली : कुत्री सांभाळणाऱ्या बाईंना 'ए बाई' म्हणू नये, 'अहो' म्हणावे. त्याच्या नकला चारही फाटकांवर लागल्या. माझं इतकं वाचलं गेलेलं पत्रक दुसरं नाही.

साहेबांनी ते मनापासून पाळलं. मात्र आत्या निघाली की ते ओट्यावरून "अहोऽऽ" अशी हाक मारायचे आणि चारही कुत्री जागच्या जागी उभी राहायची. तिला मग प्रत्येकाला नव्यानं हाकावं लागायचं.